ही तहान कवा पळते

त्या उपासात मी पाणी पीत होतो. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि देवळात हात जोडून उभा असताना मनातल्या मनातसुद्धा नाही.

वाचणारा म्हणेल, त्यात काय एवढं? पाणी पिणं हा काय गुन्हा आहे? नाहीच. वैद्यबुवांनी तर मला बजावूनच सांगितलं होतं की लंघन पोटाचं करायचं असतं, गळ्याचं नाही. पाणी कोमट करून दिवसभर घोट घोट घेत राहा, म्हणाले होते. तेव्हा चूक पिण्यात नव्हती. पीत असून पीत नाही म्हणून सांगितलं, आणि एका भल्या माणसानं ते खरं मानलं, तिथं चूक झाली.

ते दिवस कापसाच्या भावाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, एवढंच आम्हाला ऐकून ठाऊक. आगगाडी अजून आमच्याकडे यायची होती. आमच्या काळ्या रानातलं बोंड एकाएकी एवढं मोलाचं कसं झालं, याचा उलगडा बाजारात कोणी करत बसत नव्हतं. अमरावतीला पहाटे गाड्यांची रांग लागायची ती नांदगावच्या वाटेवर पार नजरेआड जायची. दिवस वर आला की आवारातल्या कापसाच्या ढिगांवर असं ऊन पडायचं की डोळे बारीक करून चालावं लागे. जन्म कापसात गेलेली म्हातारी माणसंही तिथं उभी राहून नुसती बघत असायची. मी स्वतः कितीदा हातातलं काम टाकून बघत राहिलो आहे.

एका अडत्याकडे मी पारखी होतो. कापूस कोरडा की ओला हे सांगणं माझं काम. भाव चढला तशी वजन वाढवायला कापसाला पाणी मारायची सवयही वाढली होती. वरचा थर कोरडा ठेवायचा आणि पोटात पाणी शिंपडायचं. मी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस काढून गालाला लावायचा. ओला असला की गालाला गार लागतो. तरीही शंका राहिली तर सरकी दाताखाली धरायची. कोरडी सरकी कटकन फुटते, ओली नुसती चेपते. माझा दात कधी चुकत नाही, असं बाजारात म्हणत. त्या नावलौकिकाचा मला गर्व होता, आणि पुढचं सगळं त्या गर्वातूनच झालं.

पैसा आला तसं खाणं बदललं. भाकर-ठेच्यावर राहणारे आम्ही आठवड्यातून दोनदा रोडगे करू लागलो, तेही तुपात बुडवून. माझं पोट धोतराच्या काच्यावरून खाली ओघळलं. ढिगावर चढताना धाप लागे. एक दिवस हमालांनी गंमत म्हणून मला उचलून कापसाच्या काट्याच्या पारड्यात बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात वजनं चढवली. वजनं चढत गेली, लोक हसत गेले. पाय हवेत लोंबकळत असलेला मीही हसलो. घरी आल्यावर मात्र वैद्यबुवांकडे गेलो.

माघ महिना होता. हवा गार. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि लंघन सांगितलं. म्हणाले, झेपेल तितके दिवस कर. डोळ्यापुढे अंधारी आली, छाती धडधडली, तर हट्ट न करता सोड. सोडताना तांदळाच्या पातळ पेजेनं सोड, रोडग्यानं नाही. बाळंतीण, गर्भारशी, पोर, आजारातून उठलेला, यांना हे सांगू नकोस. आणि पाणी पीत जा.

पहिले दोन दिवस मला नुसता राग येत होता. डोकं ठणकत होतं. बायकोनं वरणाला फोडणी दिली की मी उठून ओसरीवर जायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर भूक नव्हती. घरात बरेच दिवस राहिलेला पाहुणा न सांगता निघून जावा तशी गेली होती. अंग हलकं, डोकं स्वच्छ. बाजारात गेलो तर सरकीचा वास, बैलांच्या घामाचा वास, लांब कुठं तरी कुणी भाजत असलेल्या ज्वारीच्या कणसाचा वास, सगळे वेगवेगळे नाकात येत होते. मी चकित झालो. पोटात अन्नाचा कण नाही आणि हा देह चालतो आहे, बोलतो आहे, ढिगावर चढतो आहे, तो कशाच्या जोरावर? एवढे दिवस मी ज्याला नुसतं मांस समजून लाजत होतो, ते तर माझ्या नकळत भरून ठेवलेलं कोठार होतं. देह आपलं आपण ते कोठार उघडून मला चारत होता. त्या दिवशी मला माझ्याच हातापायांचा आदर वाटला. पुढं बऱ्याच लाजिरवाण्या गोष्टी सांगायच्या आहेत, पण हे खरं होतं, त्यात भेसळ नव्हती.

भेसळ त्याच दिवशी दुपारी झाली.

"काहो पारखी," काट्यावरचा तोलणारा म्हणाला, "तोंडात पान नाही सकाळपासून. दात दुखून राह्यला का?"

"उपास हाय."

"आज कोन्या देवाचा, बाप्पा?"

"देवाचा नाही. पोटाचा."

चार माणसं जमली. एक म्हणाला, "पोट तं आमालेबी हाय. आमी त्याची पूजा करतो, तुमी त्याले उपाशी ठेवता." दुसऱ्यानं विचारलं, सरकी चावता तेव्हा उपास मोडत नाही का? मी म्हटलं, चावतो अन् थुकतो. मग तोलणाऱ्यानं विचारलं, "पानी तं पेत असान?"

खरं उत्तर साधं होतं: हो. पण नेमकी तेव्हाच मी एका गाडीतली ओली सरकी दातानं चेपली होती आणि तो गाडीवाला समोर खाली मान घालून उभा होता. मला लहर आली. मी त्याच्याकडं बोट करून म्हणालो, "याच्या कापसात पानी धरलं मी आत्ता. पान्यानं वजन वाढते, हे तुमाले सांगा लागते का? दुसऱ्याच्या कापसातलं पानी काढनारा मी. माह्या आंगात पानी कसा भरीन?"

मग कोणीतरी "वा" म्हणालं. लोकांच्या डोळ्यांत मी तो आदर पाहिला, जो सकाळी मला माझ्या देहाबद्दल वाटला होता. मला वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. आमच्या बाजारात ओल्या कापसाचा हिशेब पोराबाळांनाही कळतो. त्यामुळे माझं बोलणं कोणाला थापेसारखं वाटलंच नाही. उलट इतकी सरळ गोष्ट आजवर आपल्या ध्यानात कशी आली नाही, असं त्यांना वाटलं. संध्याकाळपर्यंत मलाही ते थोडंफार पटलं होतं. मनात म्हटलं, वैद्याला काय कळते कापसातलं?

पण तहान बोलण्यानं भागत नाही. आवाराच्या मागं गाडीवाल्यांसाठी रांजण भरून ठेवलेला असे. त्याच्या अलीकडे सरकीच्या पोत्यांची थप्पी होती. मी पोती मोजायला म्हणून तिकडं जायचो, थप्पीआड वाकून ओंजळीनं प्यायचो, तोंड उपरण्यानं कोरडं करायचो आणि परत यायचो. दिवसातून कितीतरी वेळा. असा उपास मी आठ दिवस केला. पोट उतरलं, धाप गेली. हमालांनी मला पुन्हा पारड्यात बसवलं तेव्हा वजनं काढून ठेवावी लागली आणि आवारात लोकांनी पागोटी उडवली. माझ्या निर्जळी उपासाची गोष्ट गाड्यांबरोबर गावोगाव गेली. अकोल्याला पोचेस्तोवर आठाचे पंधरा दिवस झाले होते.

त्या गोष्टीमागोमाग दादा आले.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. बार्शीटाकळीच्या पुढं त्यांचं गाव, घरची काळी जमीन, हात सढळ. दोन वर्षांच्या चढ्या भावानं त्यांचंही अंग सुटलं होतं, माझ्याहून दुप्पट. गुडघे वाजत. गाडीत चढायला दोघांचा आधार लागे. माणूस मोठ्या मनाचा, स्वतःवर आधी हसणारा. पण त्यांना एक गोष्ट आतून खात होती. बाप असताना आणि बापानंतर, दर पेरणीला तिफणीमागं ते स्वतः चालत आले होते. मागच्या पावसाळ्यात जमलं नाही. बांधावर बसून गड्यांची पेरणी पाहिली. हे सांगताना ते हसले नाहीत.

"ह्या मिरगात तिफणीमागं चालाचं हाय, जवाईबुवा," ते म्हणाले. "बस तेवढं. सांगा मले कसा करतात हा उपास."

चैत्र संपत आला होता. ओसरीवर पंख्यानं वारा घेत बसलेले दादा एकेक प्रश्न विचारत होते, आणि ते सगळे अगदी तेच होते जे नवीन माणूस आजही विचारतो.

"कामाले जावा का घरीच पडून रावा?"

"जावा. हलकं काम करावा. बसून रायलं की भूकच आठवते."

"चिलीम?"

"नाही."

"सुपारी?"

"नाही."

"ताक? ताक म्हनजे काई खानं नोहे."

"तुमच्या घरचं ताक मी पाह्यलं हाय, दादा. त्यात लोनी तरंगते."

ते पोट हलवून हसले. "डोस्कं दुखते म्हन्तात."

"दुखते. दोन दिस. मंग भूक पळते."

"पळते? आपल्या आपन?"

"आपल्या आपन."

दादांनी पंखा थांबवला आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी एखादा मुलूख पायी हिंडून आलो आहे. तिथवर मी सगळं खरं सांगत होतो आणि सांगताना मलाही आनंद होत होता.

आतून माझी बायको म्हणाली, "दादा, मले बी इचार ना काई. आमी सालभर उपासच करतो."

"तुमचे उपास देवाचे, बाई. हा वजनाचा हाय. तुमचं कोठी वजन उतरलं?"

"आमचं चढलं कवा, तं उतरन?"

दादा पुन्हा हसले. मग सहज, जणू आधीच ठरलेलं, असं म्हणाले, "अन् पानी बंद. मले तुमची थे गोष्ट लई पटली. जल्मभर आमी कापसाले पानी मारलं, आता आंगातलं काढू."

बायको पदराला हात पुसत दारात आली. "हरतालिकेले आमी निर्जळी करतो. पन थो एक दिस, अन् भादवा. आभाळ भरेल असते. वैशाखात पान्याशिवाय मानूस रायते का?"

ती भावाशी बोलत होती, पण बघत माझ्याकडं होती. दादांनीही माझ्याकडं पाहिलं.

"तुमी रायले ना, जवाईबुवा?"

"रायलो," मी म्हणालो.

बायको आत गेली. तिला संशय होता का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

वैशाखात व्यापाराच्या कामानं मी अकोल्याला गेलो. बाजारात पाऊल ठेवतो तोच एकानं सांगितलं, तुमचा साळा बसला, तुमच्यासारखाच, निर्जळी. मी काम टाकलं, दमणी केली आणि निघालो. वाटेत ऊन असं होतं की बैलांच्या तोंडाला फेस येत होता आणि गाडीवाला दर विहिरीला थांबत होता. प्रत्येक विहिरीवर मी पाणी प्यायलो. पिताना प्रत्येक वेळी दादांची आठवण होत होती, तरी पीत होतो.

दादांच्या अंगणात कडुनिंबाखाली खाट टाकलेली होती. भोवती गावची माणसं बसलेली. काहींनी हात जोडलेले. आमच्याकडे माणूस पाण्याशिवाय राहिला की लोकांना त्यात देव दिसतो. दादांची बायको दारात उभी होती. मला पाहून ती पुढं आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमीच सांगा आता. दुसऱ्या कोनाचं आयकत नाहीत. जवाईबुवांनी केलं तसंच करीन, म्हन्तात."

मी खाटेजवळ गेलो. दादांचे ओठ चिरले होते. डोळे खोल गेले होते, पण मला पाहून ते चमकले. त्यांनी जीभ टाळूपासून सोडवत एकेक शब्द काढला.

"तुमी सांगलं… तसंच झालं. डोस्कं दुखलं. मंग भूक पळाली. खरंच पळाली." ते थांबले. "पन ही तहान… ही कवा पळते?"

मी आयुष्यात बरेच प्रश्न ऐकले आहेत. त्या प्रश्नाइतका साधा एकही नव्हता, आणि मला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. ते जिथं पोचले होते तिथं मी कधी गेलोच नव्हतो. मी थप्पीआड वाकून ओंजळी भरत होतो. माझ्या तोंडच्या फुकटच्या एका वाक्यावर हा माणूस वैशाखाच्या उन्हात, पाण्यानं भरलेल्या घरात, उशाशी तांब्या असताना, दोन दिवस आणि तिसऱ्याची अर्धी दुपार एक थेंब न घेता राहिला होता. ज्याच्याबद्दल मी खोटं बोललो ते त्यानं खरं करून दाखवलं होतं. कापसाचे डोंगर पाहून मी थक्क झालो होतो, माझ्या देहाचं कोठार पाहून थक्क झालो होतो. पण त्या खाटेच्या पायथ्याशी जे वाटलं त्याच्यापुढं ते काहीच नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले. लोकांना वाटलं, एक तपस्वी दुसऱ्याला मान देतो आहे.

"दादा, पुरे आता," मी म्हणालो. "पानी प्या."

"तुमी आठ दिस. माहे तं… तीनबी नाही भरले."

"तरी प्या."

त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. मला कळलं, आता एकच गोष्ट त्यांच्या गळ्याखाली पाणी उतरवू शकते: मीही पीत होतो, हे माझ्या तोंडून. वाक्य जिभेवर आलं होतं. मी भोवतालच्या माणसांकडं पाहिलं. त्यातले दोघं बाजारातले ओळखीचे होते. आणि मी ते वाक्य गिळलं.

तेवढ्यात समोरच्या घरातला दादांचा दोस्त आला. गाड्यांचा धंदा करणारा मुसलमान, दादांच्याच वयाचा. दोघं लहानपणी एकाच नदीत पोहायला शिकलेले. तो दोन दिवस गाड्या घेऊन पातुराकडं गेला होता, नुकता परतला होता, चाबूक हातातच होता. त्यानं खाटेकडं पाहिलं आणि लोकांना म्हणाला, "हटो जरा, हवा आने दो." मग वाकून दादांना म्हणाला, "भाई, रोजा हम बी रखते. पन शाम को मगरिब के वखत खुलता है. ये कौनसा रोजा है जो खुलताच नै?"

दादा पुटपुटले, "जवाईबुवांनी… केला."

दोस्तानं मान वर करून मला विचारलं, "आप पानी नै पिये थे?"

ही दुसरी संधी होती. दादांचे डोळे उघडे होते. मी मान हलवली. नाही, प्यायलो नव्हतो.

त्यानंतर थोड्याच वेळात दादांची मान कलली. हाक मारली तरी ओ देईनात. अंग तापलेल्या तव्यासारखं, पण घाम नाही. दोस्तानं चाबूक फेकला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, ओलं फडकं कपाळाला, मानेला, काखेत लावायला सांगितलं. दादांची बायको घागरीमागून घागर आणत होती. ते थोडे कण्हले तसं त्यानं कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ओठांवर धरला. दादा लहान लेकरासारखे बोळा चोखू लागले. गळा हलतो आहे हे दिसलं, तेव्हा दारातून त्यांच्या बायकोच्या रडण्याचा आवाज आला. मी हातात तांब्या घेऊन उभा होतो आणि तो कोणाला द्यावा हे मला सुचत नव्हतं.

उन्हं कलल्यावर त्यांना पुरती शुद्ध आली. त्यांनी ओले ओठ हातानं चाचपले.

"कोनं पाजलं?"

"मैने," दोस्त म्हणाला.

"मोडला माहा."

"मोडा नै भाई. खुला."

पण दादांनी तोंड दुसरीकडं केलं. खांदे हलत होते. मग मला म्हणाले, "जवाईबुवा, माह्यानं नाही झालं. मन कच्चं पडलं." मी त्यांचे पाय दाबत होतो. तेव्हाही मी बोललो नाही. जीव वाचला, आता कशाला, असं मनाला सांगितलं.

जीव वाचला, हे खरं. पण त्या मिरगात दादा तिफणीमागं चालले नाहीत, आणि पुढं कधीच नाही. पाणी पीत, वैद्याला विचारून, गार दिवसांत, आठवड्यातला एखादा दिवस जरी त्यांनी पोट हलकं ठेवलं असतं, तर बहुधा चालले असते. त्या मार्गानं चालू लागलेली माणसं मी नंतर पाहिली आहेत. त्यांनी पुन्हा उपासाचं नाव घेतलं नाही. आईच्या मांडीवर बसल्यापासून धरलेली एकादशीसुद्धा सोडली. ज्याच्यानं पाणी सुटत नाही त्यानं उपास कायचा, म्हणत. अंग आणखी वाढलं. गुडघे गेले.

पुढं लढाई संपली, भाव कोसळला, आगगाडी आली, ढीग पुन्हा माणसाच्या मापाचे झाले. माझं उतरलेलं वजन दोनतीन वर्षांत परत आलं. हेही सांगून टाकतो, कारण विचारणारे ते कधी विचारत नाहीत: उपास संपल्यावर पुन्हा रोडगे आणि तूप सुरू केलं की देह कोठार पुन्हा भरतो. तो कशाला थांबेल?

मला मात्र लोक अजून विचारतात. मी आता सगळ्यांना आधी पाण्याचं सांगतो, मग बाकीचं. मागं अकोल्याच्या एका लग्नात एक नवा पैसेवाला सोयरा माझ्याजवळ बसून असेच प्रश्न विचारत होता. डोकं दुखते का, कामाला जावं का, सोडायचा कशानं. मी म्हटलं, पाणी पीत राहा, भरपूर, हे सगळ्यात आधी. शेजारी दादा बसले होते. दोघांनी धरून त्यांना तिथवर आणलं होतं. ते त्याला म्हणाले, "यायच्यासारखं सगळ्याइले कसं जमन? म्हनून प्या म्हन्तात. साऱ्या बाजारानं पाह्यला हा मानूस. आठ दिस, थेंब नाही." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. खरं बोललो तरी ते माझ्याच मोठेपणात जमा झालं.

त्यांचा तो हात अजून पाठीवर असल्यासारखा वाटतो. मी पन्नाशीला आलो. ते सत्तरीला. अजून आहेत, त्याच कडुनिंबाखाली, त्याच खाटेवर. आता अकोल्याहून त्यांच्या गावी जायला फारसा वेळ लागत नाही. तहान कधी पळते, हा त्यांचा प्रश्न अजून माझ्याकडंच आहे. ती पळत नाही. आणि ती पळत नसताना जो तिच्यासमोर बसून राहिला, तो त्या अंगणात एकच माणूस होता.

दादांना मी एवढं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही: मी पाणी पीत होतो, तुम्ही पीत नव्हता, आणि कच्चं मन माझं होतं.